'अहो' असलेल्या ओळी

बसस्थानकावरच्या घोषणा ज्या खोलीतून होत, तिथे एकच खुर्ची होती आणि तिच्यावर बाई बसत. माऊस हा प्रकार बाईंना कधी मानवला नाही. काळ्या पडद्यावर एक कमांड टाईप केली की नको त्या ओळी फाईलमधून साफ. कपाट आवरल्यासारखं बरं वाटे त्यांना. फाईल साधीच होती. एका ओळीत एक घोषणा. कॉम्प्युटर वरून खाली वाचत जाई आणि त्यातल्या बाईचा गोड आवाज फलाटांवर घुमे.

एका दुपारी तो आवाज म्हणाला, "निळ्या पिशवीवाले काका, तुमची दुसरी चप्पल बाकाखाली आहे."

काका वाकले. चप्पल मिळाली. त्यांनी स्पीकरला हात जोडले.

बाईंनी फाईलमध्ये शोधलं, तर ओळ खरंच होती. हा आगाऊपणा चौकशीवाल्याचाच, असं पुटपुटत त्यांनी ती उडवली. थोड्याच वेळात पुन्हा आवाज आला, "वहिनी, दादांवर रागावू नका. त्यांची गाडी खरंच चुकली होती." एका बाकावरचा रुसवा तिथल्या तिथे मिटला आणि शेजारच्या बाकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब तणतणत आले. "बाई, हे बसस्थानक आहे की तुमचं माहेर?"

"मी नाही हो लिहिलं!"

"मग ओळींना काय पाय फुटले? आणखी एक ऐकू आली, तर सामानखोलीत बसवीन तुम्हाला."

सामानखोलीला खिडकी नव्हती. बाईंनी कंबर कसली. काका, काकू, दादा, वहिनी, यातलं काहीही ज्या ओळीत असेल ती आपोआप पुसली जाईल, अशी कमांड त्यांनी लावून दिली आणि चहा मागवला.

चहा यायच्या आत आवाज म्हणाला, "अहो, चष्मा डोक्यावरच आहे."

दातओठ खात बाईंनी 'अहो' असलेल्या झाडून सगळ्या ओळी उडवल्या. त्यात "चौकशी खिडकी अहोरात्र उघडी आहे" हीसुद्धा गेली. ती घोषणा कानावर येईना, तेव्हा खिडकी बंद झाली असं समजून चौकशीवाला डबा उचलून घरी गेला.

मग मात्र साहेबांचा पारा चढला. त्यांनी बाईंकडून अख्खी फाईल रिकामी करून घेतली, स्पीकरची वायर स्वतःच्या हातांनी उपटली आणि ती गुंडाळून बरोबर घेऊन गेले.

स्थानक शांत झालं. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि काचेतून बाहेर पाहिलं.

खांबाला टेकून बसलेल्या एका आजींनी मान वर केली. "हो, हो, सरकते," त्या म्हणाल्या आणि सरकल्या.

खांबाचा गिलावा धपकन त्या जागी पडला.

कुणी दचकलं नाही.

बाईंनी कान टवकारले. आवाज नव्हता. पडद्यावर एकही ओळ नव्हती.

बाहेर एकेक बाक खोलीकडे वळला. चष्मेवाले, पिशव्यावाले, सगळे बाईंकडे पाहू लागले. अगदी सौजन्याने, वाट पाहत.

बाईंनी काच सरकवली. "काय झालं?"

आजी कळवळून म्हणाल्या, "अगं, केव्हाची विचारतेय ती तुला. उत्तर दे की."