नऊ नंबरचं स्टेशन

खोटं वाटलं तर वाटू दे. गंधार माझा सख्खा मावसभाऊ आहे. त्याच्या मनगटावरच्या घड्याळातले आकडे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

आणि आधीच सांगतो, यात अमावस्या नाही, स्मशान नाही, पिंपळ नाही. जे घडलं ते मागच्या ऑगस्टमध्ये, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात, भर दुपारी दोन वाजता. दोनशे माणसांच्या देखत.

कंपनीचं नाव सांगणार नाही.

गंधार कऱ्हाडचा. वय पंचवीस. कॉलेजात कबड्डी खेळायचा, अंगात रग होती. डिप्लोमा झाला आणि गाड्यांचे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्यात लागला. राहायला चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. पहाटे कंपनीची बस, सहा ते दोन पहिली पाळी, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी परतीची बस. ती कोणासाठी थांबत नाही.

काम सोपं. नऊ नंबरचं स्टेशन. ब्रेकचा पाइप तपासणीच्या यंत्राला लावायचा, बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला की ट्रेमध्ये ठेवायचा.

त्या लाइनवर एक रीत होती. पाळी संपली तरी स्टेशन असंच सोडायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "पोंगा, नान पात्तुक्करेन." म्हणजे, जा, मी बघतो. मगच उठायचं. कंपनीच्या कुठल्या कागदावर हे नाही, पण सगळे पाळतात.

पहिल्याच दिवशी दोन वाजले. आठ नंबरचा उठला, दहा नंबरचा उठला. गंधारकडे कोणी आलं नाही.

बाहेर बसने हॉर्न दिला.

गंधार उठला, रिकाम्या स्टुलावर थाप मारली आणि गमतीने, नुकत्याच शिकलेल्या तमिळमध्ये म्हणाला, "नी पात्तुक्को." तू बघ आता.

त्याला वाटलं, सगळे हसतील.

कोणीच हसलं नाही…

आठच दिवसांत त्याची छाती धडधडायला लागली. बसमध्ये बसला की सुरू. मॅन्शनचे तीन जिने चढताना दोनदा खाली बसायचा. कबड्डीत सहा जणांना फरफटत नेणारा हा पोरगा! जेवणाचा डबा उघडायचा कंटाळा, आईचा फोन घ्यायचा कंटाळा. अंग असं दुखायचं की जणू कोणी दिवसभर राबवून घेतलंय.

तो कंपनीच्या डॉक्टरकडे गेला. ईसीजी नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. रक्त नॉर्मल.

"तरुण मुलांना होतं असं. स्ट्रेस आहे. कॉफी कमी करा, मोबाइल कमी बघा," डॉक्टर म्हणाला. आणि गॅसची गोळी दिली.

गंधारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचवीस वर्षांच्या माणसाला जिना चढवत नाही, आणि उपाय काय, तर मोबाइल कमी बघा! तो तावातावाने बाहेर आला आणि दारातच भिंतीला टेकला. दम लागला होता.

मग त्याने नाडी मोजणारं घड्याळ घेतलं. पंधरा दिवस बांधलं आणि एका रविवारी कॉटवर पडून आलेख बघत बसला.

सकाळी काम करताना नाडी ऐंशी.

बरोबर दोन वाजता एकशे अठरा. बसमध्ये एकशे वीस. कॉटवर आडवा, पंखा चालू, डोळे मिटलेले… तरी एकशे बावीस.

साडेसहाला एकदम खाली. बहात्तर.

सातला पुन्हा वर.

रात्री दहाला खाली. मग सकाळपर्यंत शांत.

रोज हेच. फक्त रविवारी दिवसभर बहात्तर.

गंधार उठून बसला. दोन ते दहा. साडेसहा ते सात जेवणाची सुट्टी. रविवारी साप्ताहिक सुट्टी.

त्याचं हृदय दुसरी पाळी करत होतं.

सोमवारी त्याने लाइनवरचा बोर्ड नीट वाचला. स्टेशन नऊ, दुसरी पाळी. माणसाच्या नावाची जागा कोरी. आणि शेजारी आकडा… चारशे बारा.

तो प्रॉडक्शनच्या साहेबांकडे गेला. "सर, दुसऱ्या पाळीत नऊवर कोण असतं?"

"कोणी नाही. माणसं कमी आहेत."

"मग चारशे बारा पाइप कोण तपासतं?"

साहेबांनी स्क्रीनवरून मान वर केली नाही. "नंबर वरुदु, इल्ल? नंबर येतोय ना? मग झालं."

गंधार मला म्हणाला, तिथे भीती नाही वाटली रे, संताप आला. रोज रिकाम्या स्टुलावरून माल निघतोय, आणि या माणसाला विचारावंसं वाटलं नाही! फुकटचा मिळतोय ना, मग भूत का असेना.

कँटीनमध्ये सांबार वाढणाऱ्या विजयलक्ष्मी अक्का त्याच्याकडे बघत होत्या. ताट हातात देताना हळूच म्हणाल्या, "नऊवर बसतोस काय रे पोरा?"

गंधार चमकला. "अक्का, तुम्ही मराठी?"

"तंजावरचीं अम्ही. तें सोड. छाती उडत्ये?"

त्याने मान हलवली.

"तुझ्या अगोदर तिघे गेले की. छाती धरूनच गेले गावाला." त्यांनी डाव खाली ठेवला. "बाळकृष्ण माझ्या बहिणीचा पोर. तेवीस वर्षें वय. फेब्रुवारींत त्याला सोडवायला कोण्ण आलं नाहीं. साहेब म्हटला, थांब पा, दुसरी पाळी कर. मग तिसरी कर. दुसऱ्या दिवशीं पुन्हां पहिली. छाती उडत्ये म्हणून रडला पोर. काय दिलं ठाऊक? गॅसची गोळी."

"मग?"

"दुपारीं दोनाला स्टुलावरून पडला. तिथेंच गेला. कागदांत काय लिहिलं? दोनाला बाहेर गेला, रस्त्यांत मेला. खांद्यावर हात कोण्ण ठेवला नाहीं रे त्याच्या. मग तो जाईल कसा?"

गंधारने ताट तसंच खाली ठेवलं. तो बसला होता, तो बाळकृष्णच्या जागेवर. आणि त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं… तू बघ आता.

मेलेल्या माणसाकडे राबायला हात असतील. हृदय कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला गंधार जागचा हलला नाही. स्टुलाशेजारी उभा राहिला. बसचा हॉर्न वाजला. घड्याळात एकशे चौतीस.

साहेब धावत आले. "काय तमाशा आहे? बस सुटेल!"

"सर, इथे हात ठेवा," गंधार रिकाम्या स्टुलाच्या वर बोट दाखवत म्हणाला. "आणि म्हणा, जा, मी बघतो. एवढंच. तुम्ही ठेवून घेतलंत त्याला, तुम्हीच सोडवा."

अख्खी लाइन थांबली. दोन्ही पाळ्यांची माणसं बघत होती. कँटीनच्या दारात अक्का उभ्या होत्या.

साहेब हसले. "वेडा झालास का?" म्हणत त्यांनी हवेत हात खाली आणला.

हात मध्येच थांबला…

स्टुलाच्या हातभर वर. कोणीतरी बसलं असतं, तर जिथे खांदा आला असता, तिथे.

साहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं. हात मागे घेतला तेव्हा तळवा ओला होता. घामाने. गंधारने पाहिलं, त्यांनी तो पँटला पुसला.

"म्हणा, सर," गंधार ओरडला. "मी बघतो म्हणा!"

साहेबांचे ओठ हलले. आयुष्यात त्या माणसाने कुठल्या गोष्टीला 'मी' म्हटलं नव्हतं. तो आता काय म्हणणार? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आठ नंबरवर अथर्व उभा होता, चार दिवसांपूर्वी नाशिकहून आलेला नवा मुलगा.

"अथर्व बघेल," साहेब म्हणाले.

आणि निघून गेले.

गंधारच्या छातीतली धडधड थांबली. कळ फिरवल्यासारखी. त्याने घड्याळ पाहिलं. बहात्तर.

त्याने अथर्वकडे पाहिलं.

अथर्वने छातीवर हात ठेवला होता. "दादा, कसंतरी होतंय. गॅस झालाय बहुतेक."

बाकीचं थोडक्यात सांगतो. गंधारने तिथेच टोपी काढून फेकली. अथर्वला दंडाला धरून बाहेर काढलं. पोरगं रडत होतं, नोकरी जाईल म्हणत होतं. त्याच आठवड्यात दोघांनी राजीनामे दिले. कामगार खात्याकडे केलेल्या तक्रारीवर उत्तर आलं, नोंदवहीप्रमाणे बाळकृष्ण दोन वाजता बाहेर पडला होता. अथर्व नाशिकला आहे, पण दोन ते दहा त्याला अंथरुणातून उठवत नाही.

साहेबांना काही झालं नाही. त्यांना कधीच काही होत नाही.

मागच्या महिन्यात अक्कांनी गंधारला बोर्डाचा फोटो पाठवला. स्टेशन नऊ, दुसरी पाळी. नावाची जागा कोरी.

आकडा आठशे चोवीस.

बरोबर दुप्पट. हिशोब तुम्हीच करा. एका हृदयात एवढं काम होत नाही. अथर्वच्या जोडीला आता आणखी कोण आहे, आम्हाला माहीत नाही. पहिल्या पाळीला नवी पोरं रोज येतात. दोनला बसचा हॉर्न होतो, आणि घाईत कोणीतरी स्टुलावर थाप मारतंच.

तुमच्या घरातलं कोणी तिकडे नोकरीला असेल, पंचविशीतच थकल्यासारखं बोलत असेल, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असतील… तर त्याला मोबाइल कमी बघ म्हणू नका.

छाती किती वाजता धडधडते, तेवढं विचारा.