आंभोरीचा हिरवा ठिपका

नागपूरच्या साथवेध केंद्राच्या भिंतीवर नकाशा उजळलेला होता. नऊ दिवसांत आंभोरीभोवतीची गावं आधी पिवळी, मग लाल झाली. आंभोरी तेवढी हिरवी राहिली.

"चारही बाजूंनी ताप, आणि मधलंच गाव कोरडं?" डॉ. वैजयंती कापगते यांनी डोळे चोळले. आंभोरी त्यांचं माहेर. तिथे माय एकटी होती.

"बरं आहे की," डॉ. उबाळे खुर्चीत रेलले. मौनमापी यंत्रणा त्यांनीच बांधली होती. "एक तरी गाव झोपू देतंय."

"पण आपण लोकांचे फोनवरचे निरोप वाचतच नाही, सर."

"वाचून काय मिळालं? एका अफवेनं अख्खा तालुका लाल व्हायचा. त्यापेक्षा सवय खरी. रोज सकाळी फुलाचं चित्र टाकून सुप्रभात म्हणणारा माणूस अंग मोडून आलं की आधी तेच टाकत नाही. दवाखाना त्याला चार दिवसांनी आठवतो. मौनमापी फक्त गप्प झालेली माणसं मोजते."

हे आता गावोगावी ठाऊक होतं. गेल्या महिन्यात पळसगाव लाल झालं, तीन आठवडे बंद राहिलं, ऐन वैशाखात सात लग्नं थांबली.

वैजयंतीने फोन उघडला. मायची ओवी सकाळीच आली होती. चूल पेटली की दारात उभं राहून जे दिसेल ते दोन ओळींत बांधायचं, ही तिची जुनी खोड. कामाच्या रगाड्यात वैजयंती ओवी आल्याचं पाहायची, वाचायची राहून जायची. आज वाचली.

*वाळली कुरडई, ऊन अंगणी गं दाट,*
*लेकीच्या गावाची पांढरी झाली वाट.*

ती थबकली. आंभोरीत चार दिवस अवकाळी पाऊस कोसळत होता.

"सर, आंभोरीच्या निरोपांच्या वेळा काढा."

उबाळ्यांनी काढल्या. चारशे बारा निरोप, सगळे बरोबर सहाला. रोज.

"माणसं अशी उठतात होय?" उबाळे पुटपुटले.

वैजयंतीला मायचा महिन्यापूर्वीचा फोन आठवला. 'बाई, निरोप आधीच लिहून ठेवता येते का वो? मी उठली नाही तरी जाईन असा?' घाईघाईत तिनेच सगळं समजावलं होतं. मायने बचत गटाला शिकवलं असणार. तिला काही आलं की ती एकटीपुरतं ठेवत नसे.

तिने फोन लावला. नवव्या घंटीला उचलला गेला.

"माय, किती दिवसांपासून ताप आहे?"

"आठ रोज झाले असतीन. घरोघरी हायेच. अकरा लग्नं हायेत गावात, बाई. कोणाच्या पोरीचं मोडाचं?"

"मला तरी सांगायचंस."

"तू तिकडं जीव टाकत बसली असती." खोकल्याची उबळ आली, गेली. आवाज पुन्हा मऊ झाला. "तू नको भेऊ. पोळ्यापर्यंतच्या ओव्या लिहून ठेवल्या मी."

वैजयंतीने फोन कानाशी तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने आंभोरी लाल केली.