राहिलेला डोळा

अमरावतीतलं प्रदर्शन सुरू व्हायला अजून तासभर होता. चित्रकार ललित दालनात शिरला आणि जागीच थबकला. त्याच्या सगळ्यात आवडत्या चित्राला शेवंतीचा हार घातलेला, अन् घालणारी पोरगी स्टुलावरून उतरत होती.

"अहो, ही बाई जिवंत आहे!"

"अगं माय! मंग डोये काहून मिटले तिनं?"

भिंतीवरच्या साऱ्याच बायांचे डोळे मिटलेले. कुणी पाण्यावर निजलेली, कुणाच्या केसांत ढग. फुलंवाल्या वर्षालीचा तरी काय दोष? दारासाठी तोरण मागवलं होतं. पण तिच्या दुकानातले हार बहुतकरून गेलेल्या माणसांच्या फोटोलाच जायचे. ती सवयीनं हार घेऊन आली होती.

"उघडे डोळे मले जमत नाहीत," ललित म्हणाला. "पाहतात माह्याकडे... लाज वाटते."

"मंग तं कठीण आहे तुमचं!"

ती खळखळून हसली... आणि हसता हसताच दम लागून स्टुलावर बसली. जरा वेळानं म्हणाली, "माहं चित्र काढा. पण डोये उघडे पायजे."

मग दर रविवारी तो अकोल्याहून एसटीनं तिच्या दुकानात येऊ लागला. ती हार गुंफायची, तो चित्र काढायचा. तिसऱ्या रविवारी तिनं सांगून टाकलं — हृदयाची झडप खराब आहे, नागपूरला ऑपरेशन आहे, डॉक्टर काही भरवसा देत नाहीत.

"लोकाईच्या फोटोले जलमभर हार पुरवले. माहा मात्र धड एक फोटो नाही घरात."

ललितनं ब्रश धुतला, पुसला, पुन्हा धुतला.

"एक डोळा झाला," तो शेवटी म्हणाला.

"अन् दुसरा?"

"नागपूरहून आल्या की."

"नाहीच आली तं?"

"अर्ध्या चित्राले कोणी हार घालत नाही. म्हणून यावंच लागते तुले."

'तुले' त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. तिची सुई फुलातच थांबली.

"लबाड आहा तुमी..." ती खाली मान घालून म्हणाली. "पण बरं वाटलं."

दोन आठवड्यांनी अकोल्यात, जठारपेठेतल्या त्याच्या खोलीच्या दारात वर्षालीची आई, माणिकबाई, उभी राहिली. चेहरा पाहूनच त्याला कळलं.

तिनं ओल्या फडक्यातून हार काढला. फुलं काळवंडली होती.

"आपरेशनच्या आदल्या दिशी खाटंवर बसून गुंफला पोरीनं. म्हने, आई, मी नाही उरली तं हा चित्राले घालू नोको. थ्याच्या गयात घाल... नवरदेवाले घालतात तसा."

ललितनं मान वाकवली. हार घालताना पाकळ्या झडून त्याच्या पायावर पडल्या.

माणिकबाई चित्रापुढे बसली. एका डोळ्यानं बघणाऱ्या लेकीकडे बघत राहिली.

"आता डोया पुरा कर, बाबू. अशी अर्धी नोको ठेवू तिले."

त्यानं ब्रश उचलला. ऊन उतरेतो वर्षाली दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे पाहू लागली... आणि या खेपेला ललितनं नजर खाली केली नाही.