एकाच तासाला दोन विषय

ती बाकावरून उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला मुलगा धाडकन खाली आला.

बाकाचा एक पाय लंगडा होता, एवढंच. पण विषय निवडायला ताटकळलेली सगळी रांग खो खो हसली. तो विजार झटकत म्हणाला, "उठताना सांगत जा. आपला तोल एकमेकांवर आहे."

आतल्या बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं. पशुवैद्यकीय कॉलेजला शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत जीवशास्त्र हवंच, त्याशिवाय ते दारातही उभं करत नाहीत. आणि या शाळेत जीवशास्त्र आणि गणित एकाच तासाला. दोन्ही घेता येणार नाहीत. थोडे दिवस दोन्हीकडे बसून बघ, म्हणाल्या, मग ठरव.

ती गणिताला जाऊन बसली. नुसतं बघायला... असं तिने आईला सांगितलं.

बाकावरून पडलेला तो शेजारीच. वर्ग त्याला मास्तर म्हणायचा, कारण कोणाचंही अडलं की हा समजावायला हजर. तो डावखुरा, त्यामुळे लिहिताना कोपराला कोपर लागायचं. जागांची अदलाबदल केली असती तर प्रश्न मिटला असता. दोघांनाही ते सुचलं नाही.

मावशीच्या दवाखान्यात ती लहानपणापासून कुत्री-मांजरं धरून ठेवते, हे कळल्यापासून तो तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागला. आधी चिडवायला. मग हळू आवाजात.

गणित तिला बरं जमायला लागलं होतं. हीच पंचाईत.

विषय ठरवायच्या शेवटच्या दिवशी, बाईंच्या खोलीकडे निघताना तिने त्याला जिन्यात गाठलं.

"मास्तर, तू सांगशील ते घेते."

यापुढचं तिच्या मनात आजही असं घडतं —

तो म्हणतो, गणित घे. ती विचारते, का? तो म्हणतो, कोपराला सवय झालीय. ती म्हणते, आणि माझं कॉलेज? तो म्हणतो... इथे तिला त्याच्यासाठी वाक्य सुचत नाही. पण धरलेला हात तो सोडत नाही.

घडलं ते असं —

तो कठड्याच्या रंगाचे पोपडे नखाने काढत राहिला. मग म्हणाला, "जीवशास्त्र. त्यांना तेच लागतं ना?"

"लागतं."

"मग झालं तर."

झालं. तिला वाटलं, याला काहीच नाही. आणि ती, भांडायची सोडून, "बरं" म्हणाली. हे "बरं" तिला पुढे कितीतरी वर्षं खुपत राहिलं. दोन वर्ग व्हरांड्याच्या दोन टोकांना. आधी ते लांबून हात करायचे, मग नुसती मान हलवायचे, मग —

कॉलेज मिळालं. दवाखानाही मिळाला, मावशीचाच. एका दुपारी दार ढकलून एक माणूस आत आला, छातीशी टोपली धरून. टोपलीत करडं मांजर.

"खात नाहीये," तो म्हणाला. मग तिच्याकडे नीट बघून, "डॉक्टरीणबाई..."

"मास्तर."

"हिचं आहे मांजर," तो घाईने म्हणाला. "ही बाहेरगावी गेलीय, म्हणून मी..."

ही. एवढ्याशा शब्दात त्याचं सगळं घर येऊन गेलं. तिने मांजर टेबलावर घेतलं, मानेखाली हात घातला.

"त्या दिवशी जिन्यात," तो मांजराकडे बघत म्हणाला, "गणितच म्हणणार होतो मी. ओठांवर आलं होतं."

"मग?"

"तू दवाखान्याबद्दल बोलताना कशी दिसायचीस, ते आठवलं. चुकलो का गं मी?"

तोवर तिने स्टेथोस्कोपच्या नळ्या कानांत घातल्या होत्या. ऐकू आलं नाही असं दाखवायला तेवढं पुरेसं होतं. मांजराची छाती साफ होती, ठोके व्यवस्थित होते. तरी ती वाकून ऐकत राहिली, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही.