यादीतला चौदावा

आधीच सांगते, हे रचलेलं नाही. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीवर बेतलेलं आहे, आणि ताई तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातली नाही.

अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती. बुधवार होता, दुपारचे तीन वाजत आले होते. जागा म्हणजे तिच्या हॉस्पिटलचा दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

ताई बावीस वर्षं नर्स. त्यातली अकरा कॅज्युअल्टीत काढलेली. शेजारी मुडदा असला तरी निवांत डबा खाणारी बाई. गुडघे बोलायला लागले म्हणून तिला फोनच्या कामावर बसवलं. पडून किंवा अपघातात जबर मार लागलेले जे म्हातारे पेशंट येऊन गेले, त्यांना सहा महिन्यांनी फोन करायचा. चालता का? हाताने जेवता का? घरीच राहता का? उत्तरं फॉर्मवर लिहायची.

जे वारले, त्यांची नावं वरच्या ऑफिसात आधीच खोडलेली असायची.

त्या दिवशी तेरा फोन झाले. एक मुलगा खेकसला. एका सुनेला रडू फुटलं. एक आजी म्हणाल्या, "चालते की! कुठे जायचं तेवढं कुणी सांगत नाही."

चौदावा नंबर. पुरुष, वय अठ्ठ्याहत्तर. बल्ब बदलताना स्टुलावरून पडले.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

कुणी बोलेना. मागे नुसता कलकलाट... माणसांचा. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं.

"काका, हॉस्पिटलमधून बोलतेय. तब्येत कशी आहे आता?"

"तुम्हीच बघून सांगा."

आवाज कोरडा. ताईला वाटलं, आजोबा तिरसट दिसतात. असतात असे.

"स्वतःच्या पायांनी चालता का?"

"चालतच आलो होतो."

"घरीच राहता ना?"

"नाही."

"मग?"

"बाकावर."

ताईचं पेन थांबलं.

"कुठल्या बाकावर, काका?"

"तुम्ही बसवलंत त्याच."

आणि तिला सगळं आठवलं.

मुलीचा हात धरून आले होते ते. शुद्धीत होते, बोलत होते, कपाळावर लहानसं टेंगूळ. मुलगी सांगत होती, "यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत हो, आधी बघा ना." कॅज्युअल्टीत त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. ताई तिच्याकडे न बघताच म्हणाली होती, "या वयात पडझड चालायचीच. बसा, नंबर आला की बोलावते."

अडीच तास.

आजोबांनी तीनदा विचारलं होतं, "सिस्टर, अजून किती वेळ?" तिसऱ्या वेळी जीभ जड झाली होती. ताईने ऐकलं होतं. मान वर केली नव्हती. मग ते बाकावरून घसरले. डोक्यात आत रक्तस्राव झाला होता. त्यांना धावतपळत वर नेलं.

पुढे काय झालं, ते ताईने कधीच विचारलं नाही.

तिने रिसीव्हर खाली ठेवला.

कलकलाट थांबला नाही...

तो आता दाराबाहेर होता.

आणि मग एकदम काहीच नाही. पंखा फिरत होता, पण आवाज नाही. लिफ्टची घंटी नाही, कुणाचा खोकला नाही, पावलं नाहीत. आख्खा मजला जणू श्वास रोखून उभा.

"सिस्टर..."

तिच्या मागून. अगदी कानाशी.

"बसा आता."

ती उठायला गेली. उठता येईना. दोन्ही खांद्यांवर कुणीतरी भार टाकला होता. हात नव्हते दिसत. वजन होतं. हाक मारावी तर घशातून हवा निघे, शब्द नाही. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. तेवढंच दिसत होतं.

साडेपाचला झाडायला मावशी आल्या.

"अगंबाई, सिस्टर! अंधार पडायला आला, कुणाची वाट बघताय?"

त्याबरोबर भार उतरला. ताईच्या गणवेशाला दोन्ही खांद्यांवर चुण्या पडल्या होत्या, मुठीत धरून आवळल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसातला क्लार्क यादी बघून म्हणाला, "मॅडम, मी तेराच नावं पाठवली होती. हे पेशंट तर तिसऱ्याच दिवशी गेले." ताईच्या कागदावर मात्र चौदावी ओळ होती. छापलेली.

तिने तो नंबर पुन्हा लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं ध्वनिमुद्रण लागलं.

दुसरं कुणी असतं तर कागद फाडून मोकळं झालं असतं. ताईने जुन्या केसपेपरवरून आजोबांच्या मुलीचा नंबर काढला आणि सगळं सांगितलं. "त्या दिवशी टेबलावर मीच होते. माझी चूक झाली." मग फोनचंही सांगितलं.



"काय म्हणाले बाबा?"

ताईने शब्द न् शब्द सांगितला.

"आवाज त्यांचाच होता?"

"हो."

"तुम्हाला माफी हवी असेल तर ती मिळायची नाही," मुलगी म्हणाली. आवाज थरथरत होता, पण रडण्याने नाही. "सहा महिने झाले. रोज मी तो नंबर लावते. बंद झालाय ठाऊक असून लावते. एकदाही उचलला नाही त्यांनी."

ताईने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"मी त्यांची लेक. तुमचा का उचलला?"

फोन कट झाला.

वर्ष होत आलं. ताई अजून त्याच कामावर आहे. बदली माग म्हटलं तर विषय बदलते. परवा मात्र माझ्याजवळ बोलून गेली.

"नंबर लावला ना, की मनात म्हणते, कुणी उचलू नका रे. आणि उचलला, की आधी ऐकत राहते... मागे माणसं किती आहेत ते."