पावलाचं माप

लोकांच्या घरांभोवती बागा आखून देणं हा माझा धंदा. दगड समोर आला की मी तो उलटा करते, नखाने खरवडते, टेप लावते आणि मगच बोलते. बाबा मला ‘मोजपट्टी’ म्हणून चिडवत. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांनी तेही सोडलं होतं. डावा पाय ओढत खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून खाटेवर, बस्स. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “चालते ठेवा, नाहीतर पाय कायमचा जाईल.” म्हणून मी मागच्या दारापासून कुंपणाच्या फाटकापर्यंत दगडी पायवाट घालायला घेतली.

खाणीवर जाऊन काळे, चपटे दगड स्वतः निवडले. वरून खडबडीत, पाय न सटकणारे. आमच्या कामात दगड आधी वाळूवर नुसते मांडतात. ज्याच्यासाठी वाट, त्याला त्यावरून चालवतात आणि त्याच्या पावलाच्या बेताने दगड बसवतात. मी बाबांना चालवलंच नाही. आजारपणाआधीची त्यांची ढांग मला पाठ होती, त्याच मापाने दगड मांडले.

“ताई, आजारी माणसाला एवढी ढांग झेपायची नाही,” गवंडी म्हणाला.

“झेपेल. मला ते तसेच चालायला हवेत.”

हट्टच होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघते तर दगड एकमेकांच्या जवळ आलेले. मधे जेमतेम वीतभर जागा. मी गवंड्याला फोन करून फैलावर घेतलं.

“मी कशाला हात लावू?” तो वैतागला. “एकेक दगड उचलायला दोघं लागतात, ताई.”

वाळूवर ओढल्याची रेघसुद्धा नव्हती. दगड होते तेवढेच होते. वाट अजूनही दारापासून फाटकापर्यंत पोचत होती. मग मधली जागा गेली कुठे? टेप लावला, पुन्हा लावला. बेरीज काही जुळेना.

तेवढ्यात बाबा काठी टेकत बाहेर आले. पहिल्या दगडावर पाऊल, मग दुसऱ्यावर. चुकून एकही पाय वाळूत नाही. आई दारात उभी राहून रडत रडत हसत होती. मी टेप गुंडाळून ठेवला. एवढं चांगलं चाललेलं असताना मोडता कशाला घालायचा?

पुढे रोज दगड थोडे लांब जायचे आणि बाबांचं पाऊलही लांबायचं. दगड बाबांच्या पावलाप्रमाणे सरकतायत असं मी धरून चालले होते. मग एकदा बघितलं, तर बाबांनी खुर्चीतून उठायच्या आधीच दगड सरकलेले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. गवंड्याला बोलावून एकेक दगड सिमेंटमध्ये पक्का करून घेतला, मधली वाळू काढून तिथे माती भरून गवत लावलं.

सिमेंट वाळलं. दगड जागचे हलले नाहीत. बाबांचं पाऊल मात्र वाढतच राहिलं. आता ते दगडांवर पडेना, मधल्या गवतावर पडायचं. आणि तिथेही चपलेचा आवाज यायचा दगडावरचाच. टक्.

“बाबा, तुम्ही गवतावर पाय देताय.”

“वेडी की काय? एवढा मोठा दगड दिसत नाही तुला?”

त्यांची पाठ वळल्यावर मी खुरप्याने ती जागा उकरली. मऊ माती, मुळं, एक गांडूळ. आणखी काही नाही.

त्या संध्याकाळी फाटक करकरलं. बाहेर मोकळं रान आहे, गुडघाभर गवताचं. बाबा त्यात शिरले होते.

“बाबा, थांबा! वाट संपली!”

त्यांनी मागे बघितलं नाही.

टक्. टक्.

मी धावले. गवत पायात अडकत होतं, जमीन भुसभुशीत होती, चप्पल रुतत होती. बाबांची लय मात्र तुटत नव्हती.

“अगं, धावतेस काय?” मागून आईचा आवाज आला, आनंदाने फुललेला. “चालू दे त्यांना! बघ, आज काठीसुद्धा नेली नाही.”

बाबा लहान होत गेले. मग दिसेनासे झाले.

मी उभी राहिले. आवाज अजून माझ्या पुढ्यातच होता, एका पावलाच्या अंतरावर.

टक्. टक्.