रोप लेनमधलं कोरं घर

खोटं वाटलं तर वाटू दे. माझ्या आत्यानं हे बायबलवर हात ठेवून सांगितलंय. आणि ती बायबलवर कधी चहाचा कपसुद्धा टेकवायची नाही.

साल १९४१. एप्रिलमधला गुरुवार, दुपारचे चार. इंग्लंडमध्ये सफोकच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव, त्यातली रोप लेन ही गल्ली.

महायुद्ध चालू होतं, जर्मन बॉम्बनं गल्ल्याच्या गल्ल्या नाहीशा होत होत्या. उरलंय ते निदान कागदावर तरी राहू दे, म्हणून सरकारनं चित्रकार धाडले होते. आमच्याकडे पास्को नावाचा एक आला. स्टूल टाकून रस्त्यातच बसला.

दगडी रस्ता, सात घरं, टोकाला चॅपल, म्हणजे आमचं छोटं चर्च. सगळं कागदावर उतरलं.

फक्त हेस्टरआत्याचं घर उतरेना.

तो रंग लावायचा...

थेंब घरंगळून खाली. कागद रंग प्यायचाच नाही. घराच्या जागी नुसता कोरा चौकोन.

शेजारची मिसेस टटल हसली. "हेस्टर, दार धुतलं असतंस तर रंग बसला असता गं!"

पास्को हसला नाही.

"बाई, आत्ताच घर सोडा. मागच्या गावात चांभाराचं घर असंच कोरं राहिलं होतं. त्याच संध्याकाळी त्यावर बॉम्ब पडला."



आत्यानं वरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथं माझे आजोबा होते, अर्धांगानं खिळलेले. जिन्यानं खाली आणलंत तर वाटेतच जातील, असं डॉक्टरनं बजावलेलं.

"माझा बाप हलायचा नाही. मग मीही नाही. आणा तो ब्रश इकडे!"

"तुम्हाला येतं का?"

"पाव भाजायला तरी कुठं येत होतं? आता अख्खी गल्ली खाते ना!"

ती गायला लागली. आमच्या चॅपलमध्ये प्रवचन गाऊनच व्हायचं. रविवारचं सगळंच्या सगळं तिच्या ओठांवर होतं.

पहिला फटकारा ओघळला. दुसराही.

तिसरा... बसला.

लाल दार. मग भिंत. मग वरची खिडकी.

इतक्यात मिसेस टटल किंचाळली.

कागदावरचं चॅपल... पुसट होत होतं. कुणीही हात न लावता.

आत्यानं घाईनं चॅपलवर ब्रश फिरवला, पण कोरडाच. डबीत रंग उरला नव्हता.

साडेसातला हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. एकच बॉम्ब. चॅपलवर. आत कुणी नव्हतं. आजोबांच्या खिडकीची काच तेवढी तडकली.

"अगं, देवाचं घर गेलं!" मिसेस टटल रडत होती.

आत्या म्हणाली, "त्याचा पोरगा गोठ्यात जन्मलाय. त्याला घराचं काय कौतुक! रविवारी ढिगाऱ्यावर गाऊ."

आणि गायले सगळे. वर आजोबांना ऐकू जावं म्हणून दुप्पट मोठ्यानं.

आत्या नव्वदीत गेली. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "विल्फ, तिसऱ्या फटकाऱ्याला कुणीतरी माझं मनगट धरलं होतं."

"देवानं, आत्या."

"मीही जन्मभर तेच म्हणत आले रे. पण तो हात..."

तिनं आपलं मनगट चोळलं.

"...फार गार होता."

मी आजही रोज प्रार्थना करतो. मनगटं मात्र बाहीत ओढून घेतो.